हिंदु धर्माची घडण : दापोडीच्या रस्त्यावरून

ज्येष्ठाच्या वद्य पक्षांत एके दिवशीं दापोडीच्या रस्त्यावर टाळमृदंगाचा घोष ऐकूं येऊं लागतो. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्यास चाललेली असते. पिंपरी, कासारवाडी, फुगेवाडी हीं ठिकाणें मागें टाकून ती दापोडीस येते आणि मुळा नदी ओलांडून पुढें जाते. एरव्हीं कारखान्यांच्या पाळ्यांनीं आणि मोटारींच्या रहदारीनें गजबजलेला हा मुंबई-पुणें रस्ता त्या दिवशीं पायीं चालणारांचा होतो. दिंड्यांत शेतकरी असतात, कारागीर असतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया असतात. रस्त्याच्या दोहों बाजूंस उभे राहून पादुकांस हात जोडणारांत गिरणी-कारखान्यांतले कामगारही असतात आणि कचेरीस निघालेले कारकूनही.

अशा वेळीं एखाद्या परदेशी पाहुण्यानें, किंवा घरांतल्याच चौकस मुलानें विचारावें कीं, हा धर्म कोणी स्थापन केला, याचा मुख्य ग्रंथ कोणता, आणि हिंदु म्हणवून घ्यावयाचें तर काय काय मानावें लागतें? सुशिक्षित माणूसही या प्रश्नांपुढें क्षणभर घोटाळतो. ख्रिस्ती, मुसलमान किंवा बौद्ध मनुष्यास या प्रश्नांचीं उत्तरें देण्यास वेळ लागत नाहीं. त्याच्या धर्मास संस्थापक आहे, स्थापनेचा काळ आहे, प्रमाण वचनें आहेत. हिंदु धर्मास यांपैकीं एकही गोष्ट त्या अर्थानें नाहीं. त्याची ओळख त्याच्या व्याख्येंतून होत नाहीं, घडणींतून होते. ही घडण पाहण्यास काशी-रामेश्वरास जाण्याचेंही कारण नाहीं. दापोडीच्या शेजारून दोन रस्ते फुटतात. एक चिंचवड व देहूरोड यांवरून कार्ल्याच्या डोंगराकडे जातो. दुसरा भोसरी-चाकणवरून जुन्नरच्या बाजूस. या दोन रस्त्यांवर आणि पुणें जिल्ह्याच्या टापूंत त्या घडणीच्या बहुतेक सर्व पायऱ्या पहावयास सांपडतात.

प्रथम 'हिंदु' हा शब्दच पहावा. वेदांत तो नाहीं, उपनिषदांत नाहीं, रामायण-महाभारतांतही नाहीं. सिंधु या नदीच्या नांवाचा जुना इराणी उच्चार हिंदु असा होतो. इराणचा सम्राट दारियस याच्या, इसवी सनापूर्वीं सहाव्या-पांचव्या शतकांतील शिलालेखांत सिंधुकांठच्या प्रांतास हिंदुश असें म्हटलें आहे. शब्द मुलुखाचा होता, उपासनेचा नव्हता. पुढें अरब, इराणी आणि तुर्क लोकांनीं तो येथील रहिवाशांस लाविला, आणि हळूहळू रहिवासीही तो स्वतःविषयीं वापरूं लागले. सोळाव्या शतकांत एकनाथांनीं हिंदु आणि तुर्क यांचा संवाद रचिला, तेव्हां हा शब्द मराठी श्रोत्यांच्या चांगला परिचयाचा झाला होता. इंग्रजी भाषेंत त्यावरून धर्माचें नांव तयार झालें तें याहून पुष्कळ उशिरां. राजा राममोहन रॉय यांनीं तें १८१६ सालीं वापरलेलें आढळतें. म्हणजे नांव बाहेरून आलें, मागाहून आलें, आणि जें आधींपासून अनेक रूपांनीं नांदत होतें त्याला तें एकत्र लागू झालें. एका नांवाखालीं इतके निरनिराळे आचार-विचार कां दिसतात, याचा उलगडा येथेंच होऊं लागतो.

या परंपरेचें मूळ कोठपर्यंत मागें नेतां येतें? सिंधु खोऱ्यांतील हडप्पा व मोहनजोदडो या नगरांचा भरभराटीचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें २६०० ते १९०० हा होय. तेथें सांपडलेल्या एका मुद्रेवर पशूंच्या मध्यें आसन घालून बसलेली आकृति आहे. तीस उत्खननाचे प्रमुख सर जॉन मार्शल यांनीं शिवाचें आद्य रूप मानिलें. परंतु त्या लोकांची लिपि अद्याप वाचली गेलेली नाहीं, म्हणून तें अनुमानच राहिलें आहे. पुणें जिल्ह्यांत याहून जवळचा पुरावा आहे. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनीं १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची ती वसाहत होती. तेथील एका घरांत मातीच्या पेटीसह शिर नसलेली स्त्रीमूर्ति आणि बैल मिळाला. त्या देवीचें नांव कोणास ठाऊक नाहीं. परंतु शिरोहीन मातृदेवतेची पूजा महाराष्ट्र-कर्नाटकांत पुढें अनेक शतकें चालू होती, आणि देवीपुढें किंवा देवापुढें बैल असणें हें तर आजही नवल वाटत नाहीं.

याच प्राचीन काळांत उत्तरेस, सप्तसिंधूच्या प्रदेशांत, ऋग्वेदाचीं सूक्तें रचलीं जात होतीं. विद्वानांचें बहुमत त्यांचा काळ इसवी सनापूर्वीं १५०० ते १००० च्या सुमाराचा मानतें. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालच्या 'ओरायन' या ग्रंथांत ज्योतिषाच्या आधारें तो बराच मागें नेला होता. तें मत आज सर्वमान्य नाहीं, पण वेदकालाची चर्चा ऐतिहासिक प्रमाणांवर व्हावी हा त्यांचा आग्रह मात्र टिकला. ऋग्वेदांत दहा मंडलें व १०२८ सूक्तें आहेत. त्यांतील मुख्य देवता इंद्र, अग्नि, सोम, वरुण, उषा या होत. तेथें देऊळ नाहीं, मूर्ति नाहीं. अग्नि प्रज्वलित करावा, त्यांत आहुति द्यावी आणि देवांस आवाहन करावें, हा तो धर्म. विष्णु आणि रुद्र हे तेथें आहेत, पण त्यांस पुढें मिळालेलें थोरपण त्या वेळीं त्यांजकडे नव्हतें. लेखनाचा आधार न घेतां हीं सूक्तें स्वरांसह मुखपरंपरेनें जतन करण्यांत आलीं, आणि तें जतन करणारीं वैदिक घराणीं महाराष्ट्रांतही होतीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची युनेस्कोनें २००७ सालीं जागतिक स्मृतीच्या यादींत नोंद केली.

यज्ञाचा पसारा वाढला तसा यज्ञाच्या अर्थाविषयीं प्रश्नही वाढला. इसवी सनापूर्वीं सातव्या शतकाच्या सुमारास आणि त्यापुढें रचल्या गेलेल्या उपनिषदांत ऋषि विचारूं लागले कीं, आहुति देणारा हा 'मी' कोण, आणि देह पडल्यावर त्याचें काय होतें? ज्या कल्पनांस आज सामान्यतः हिंदु श्रद्धा म्हणतात, त्यांचा पाया येथें घातला गेला. जीव मरणानें संपत नाहीं. केल्या कर्माचें फळ त्यास भोगावें लागतें. त्यासाठीं तो पुनःपुन्हां जन्म घेतो. आणि या फेऱ्यांतून सुटका, म्हणजे मोक्ष, हें त्याचें परम साध्य होय. देहांतील आत्मा आणि विश्वाच्या मुळाशीं असलेलें ब्रह्म यांचें नातें काय, यावर मात्र एकमत झालें नाहीं, आणि तें व्हावें अशी सक्तीही कोणी केली नाहीं. शंकराचार्यांनीं दोन्ही एकच मानलीं, रामानुजांनीं ऐक्यांतही भेद पाहिला, मध्वांनीं दोन्ही सर्वस्वीं भिन्न मानलीं. जगाचा कर्ता ईश्वर न मानणारें सांख्य हेंही सहा आस्तिक दर्शनांतच गणलें गेलें. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ सांगून संसारी माणसाच्या मिळकतीस आणि सुखासही या विचारांत जागा ठेवण्यांत आली.

हा यज्ञधर्म दक्षिणेंत केव्हां पोहोंचला, याचें लेखी उत्तर दापोडीच्या उत्तरेकडील रस्त्यानें गेल्यास मिळतें. चाकण, खेड ओलांडून जुन्नरच्या पलीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर नाणेघाट आहे. कोंकणांतील बंदरांकडून देशावर येणारे व्यापारी तांडे याच घाटानें चढत. घाटाच्या तोंडाशीं एका गुहेच्या भिंतींवर, इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील, ब्राह्मी लिपींतला मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिका हिचा मानिला जातो. अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ केल्याचें आणि गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नाणीं दक्षिणा दिल्याचें त्यांत नमूद आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें त्याचा आरंभ अधिक महत्त्वाचा आहे. तेथें इंद्र, चंद्र, सूर्य, यम, वरुण यांच्यासमवेत संकर्षण व वासुदेव यांनाही नमन आहे. संकर्षण म्हणजे बलराम आणि वासुदेव म्हणजे कृष्ण. वेदांतले जुने देव आणि भक्तीचे नवे देव एकाच ओळींत बसलेले येथें दिसतात. जुन्यांस रजा देऊन नवे आले नाहींत. जुन्यांच्या शेजारीं येऊन बसले. या धर्माच्या घडणीची हीच रीत पुढेंही पुन्हां पुन्हां आढळते.

दुसऱ्या, पश्चिमेकडील रस्त्यावर कार्ल्याचें लेणें आहे. तें बौद्धांचें. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत कोरलेला तेथील चैत्य भारतांतील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठा समजला जातो, आणि त्याच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांचीं नांवें आहेत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णि यानें येथील भिक्षूंस दान दिल्याचा लेखही येथेंच आहे. हाच राजा नाशिकच्या लेखांत अद्वितीय ब्राह्मण म्हणून गौरविला गेला आहे. राजानें स्वतः वैदिक आचार पाळावा आणि बौद्ध संघासही दान द्यावें, यांत त्या काळास विसंगति वाटत नव्हती. याच चैत्याच्या दाराशीं एकवीरा देवीचें देऊळ आहे. चैत्रांत मुंबई-कोंकणचे कोळी व आगरी लोक देवीच्या यात्रेस येतात, तेव्हां भिक्षूंच्या दाराशींच ढोल-ताशे वाजतात. बौद्ध मत येथून ओसरलें, देवी राहिली. मात्र हा बदल सर्वत्र नुसत्या सहवासानें झाला असें समजूं नये. वाद झाले, राजाश्रय फिरले, जागाही बदलल्या. वेरूळच्या चौतीस लेण्यांत बारा बौद्ध, सतरा हिंदु आणि पांच जैन लेणीं एका रांगेंत आहेत. त्या रांगेंत शेजारधर्म जसा दिसतो तशी स्पर्धाही दिसते.

या स्पर्धेच्या काळांतच आजच्या हिंदु धर्माचें ओळखीचें रूप तयार झालें. यज्ञ खर्चाचा आणि पुरोहितांच्या स्वाधीनचा. पण कथा सर्वांस ऐकतां येते, आणि तीर्थास पायींही जातां येतें. महाभारत, रामायण आणि पुराणें यांनीं तत्त्वज्ञान गोष्टींच्या रूपानें घरोघर नेलें. या ग्रंथांची वाढही एकाच्या हातची नव्हे. भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली व ती १९६६ सालीं पूर्ण केली. त्यासाठीं १२५९ हस्तलिखितें विचारांत घेण्यांत आलीं. काश्मीरचें महाभारत आणि केरळचें महाभारत यांत किती ठिकाणीं अंतर आहे, हें त्या आवृत्तीच्या तळटीपांवरून कळतें. प्रत्येक प्रांतानें ग्रंथ आपलासा केला आणि त्यांत आपली भर घातली. याच सुमारास डोंगर खोदून मंदिरें होऊं लागलीं. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर हें आठव्या शतकांतील लेणें आणि वेरूळचें त्याच शतकांतील कैलास हीं राष्ट्रकूट काळाचीं होत. होमकुंडाच्या जागीं गाभारा आला आणि आहुतीच्या जागीं पूजा आली. तरी लग्नांत, मुंजींत अग्नि आणि ऋग्वेदांतले मंत्र राहिलेच.

महाराष्ट्रांत या रीतीचा विशेष म्हणजे रानांतले आणि गुराख्यांचे देव. जेजुरीचा खंडोबा हा शिवाचा मार्तंडभैरव अवतार म्हणून पूजिला जातो. परंतु त्याची एक पत्नी म्हाळसा वाण्याची आणि दुसरी बाणाई धनगराची. देवाच्या संसारांतच दोन समाजांची सोयरीक झाली. पंढरीच्या विठ्ठलाविषयीं रा. चिं. ढेरे यांनीं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, गोपजनांचा हा देव पुढें विष्णु-कृष्णांत मिसळला. गांवची मरीआई, शेताचा म्हसोबा, घराण्याचें कुलदैवत आणि ज्याच्यावर मन बसलें तें इष्टदैवत, हे सर्व एका घरांत सुखानें नांदतात. संस्कृत ग्रंथांतला देव खालीं येतो आणि गांवचा देव वर चढतो. दोघांची गांठ जेथें पडते तेथें सामान्य हिंदूचा धर्म असतो.

दापोडीच्या शेजारचें चिंचवड याचें चांगलें उदाहरण आहे. तेथें पवनेच्या कांठीं मोरया गोसावी यांची समाधि आहे. ही पवना पुढें दापोडीजवळ मुळेस मिळते. मोरगांवच्या मयूरेश्वराचे हे भक्त. त्यांच्या वंशांत सात पिढ्यांपर्यंत गणपतीचा अंश वास करतो, अशी लोकांची श्रद्धा होती, आणि चिंचवडच्या देवांस राजेरजवाडे मान देत. इसवी सन १८०० च्या सुमारास एडवर्ड मूर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें चिंचवडास भेट देऊन या देवाविषयीं निबंध लिहिला, आणि १८०९ सालीं मारिया ग्रॅहॅम ही प्रवासी बाई येऊन गेली. जिवंत माणसास देव मानलेलें पाहून या मंडळींस आश्चर्य वाटलें. त्यांच्या मनांतील धर्माच्या साच्यांत हें बसत नव्हतें. परंतु देव एक असून अनेक रूपांनीं, अनेक स्थळीं, आणि माणसांतही प्रगट होतो, असें मानणाऱ्या समाजास त्यांत अवघड कांहींच नव्हतें. गणपतीच्या जयघोषांत देवाच्या नांवापुढें मोरया हें भक्ताचें नांव आजही जोडलें जातें.

येथवर देवांची हकीकत झाली. नवा देव आला, त्यास जागा मिळाली. नवें मत निघालें, तें दर्शनांत गणलें गेलें. परंतु या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावांचून तो पुरा होत नाहीं. जो धर्म देवांविषयीं इतका उदार, तो माणसांविषयीं तसा नव्हता. कोणत्या देवास भजावें याचें बंधन नव्हतें. कोणी कोणाशीं जेवावें, कोणाच्या विहिरीचें पाणी भरावें, वेद कोणीं ऐकावे आणि गाभाऱ्यापर्यंत कोणीं जावें, याचीं बंधनें मात्र कडक होतीं. स्मृतिग्रंथांनीं वर्ण आणि जाति यांची मांडणी केली, आणि जन्मावरून माणसाची पायरी ठरली. मंगळवेढ्याचा चोखामेळा हा चौदाव्या शतकांतला थोर संत. त्याचे अभंग सर्व जातींच्या वारकऱ्यांच्या मुखीं झाले. पण जन्मानें महार म्हणून देवळांत त्यास प्रवेश नव्हता. पंढरपुरास महाद्वारासमोर त्याची समाधि आहे, ती देवळाबाहेर.

संतांनीं या बंधनांस आंतून हात घातला. आळंदीचे ज्ञानेश्वर व त्यांचीं भावंडें संन्याशाचीं मुलें म्हणून बहिष्कृत झालीं, असें परंपरा सांगते. त्याच ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० त, संस्कृतांत असलेली गीता मराठींत आणिली. ज्यांस संस्कृत शिकण्याची मनाई, त्यांस तत्त्वज्ञानाचें दार त्यामुळें उघडलें. नामदेव शिंपी, सांवता माळी, जनाबाई दासी, मुक्ताबाई, असा सर्व थरांतील स्त्रीपुरुषांचा मेळा या पंथांत जमला. देहूचे तुकाराम शूद्र म्हणून गणले गेलेल्या कुळांतले. धर्मोपदेश करण्याचा त्यांना अधिकार काय, असा वाद निघाला, आणि त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्याची कथा त्या वादांतूनच आली. १६५० सालीं तुकोबा गेले. १६८५ सालीं त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनीं पादुका पालखींत घालून वारीस आरंभ केला. दापोडीवरून जाते ती हीच पालखी. ज्याच्या उपदेशाच्या अधिकाराविषयीं शंका घेतली गेली, त्याच्या पादुकांपुढें आज सर्व जातींचे लोक वांकतात.

तरीही संतांच्या समतेचें क्षेत्र बहुधा वाळवंटापुरतेंच राहिलें. दिंडींत एकत्र नाचणारे गांवीं परतल्यावर आपापल्या आळींत राहत. एकोणिसाव्या शतकांत या विसंगतीवर उघड बोट ठेवण्यांत आलें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला आणि देव व भक्त यांमध्यें मध्यस्थाची गरज काय, असा प्रश्न विचारिला. प्रार्थना समाजांतील न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं संतांच्या वाणींत सुधारणेचा आधार शोधिला. डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं त्यापुढील प्रश्न केला: ज्यास हिंदु म्हणतां, त्यास हिंदूंच्या तळ्याचें पाणी आणि देवळाचें दार मोकळें आहे काय? १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर, १९२९ सालीं पुण्याच्या पर्वतीवर आणि १९३० सालीं नाशिकच्या काळाराम मंदिरापुढें याच प्रश्नावर सत्याग्रह झाले. काळारामाचें दार वर्षानुवर्षें बंदच राहिलें. १९३५ सालीं येवल्यास आंबेडकरांनीं जाहीर केलें कीं, हिंदु म्हणून जन्मलों हें आपल्या हातीं नव्हतें, परंतु हिंदु म्हणून मरणार नाहीं.

१९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरास उपोषण आरंभिलें. त्यापूर्वीं त्यांनीं महाराष्ट्रभर हिंडून विठ्ठलाचें मंदिर अस्पृश्यांस उघडें व्हावें म्हणून लोकमत तयार केलें होतें. दहा दिवसांनीं तें उपोषण यशस्वी होऊन सुटलें. चोखोबाच्या वंशजांचा मार्ग मोकळा झाला. पण तोंपर्यंत पुष्कळांच्या मनानें दुसरी वाट धरिली होती. २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या हस्तें देहूरोड येथें बुद्धमूर्तीची स्थापना झाली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. २०११ च्या शिरगणतींत भारतांत ८४ लक्षांवर बौद्ध नोंदले गेले. त्यांतील ६५ लक्षांवर एकट्या महाराष्ट्रांतले. देहू आणि देहूरोड हीं एकमेकांपासून फार दूर नाहींत. एका ठिकाणाहून तुकोबांची पालखी निघते, दुसऱ्या ठिकाणीं दर वर्षीं डिसेंबरांत बुद्धवंदनेस लोक जमतात. दोन्हींकडे जाणारी वाट दापोडीवरूनच पुढें जाते.

स्वतंत्र भारतांत हिंदु कोण, हा प्रश्न कायद्यापुढेंही आला. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंचविसाव्या कलमानें सार्वजनिक हिंदु मंदिरें सर्व वर्गांस खुलीं करण्याचा अधिकार सरकारास दिला. १९५५ च्या हिंदु विवाहाच्या कायद्यानें तो कोणास लागू होईल हें सांगतांना वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना व आर्य समाज आणि बौद्ध, जैन, शीख यांचा नामनिर्देश केला; आणि बाकीच्यांविषयीं, जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वा यहुदी नाहीं त्यास तो लागू केला. कायद्यासही हिंदूची सरळ व्याख्या करतां आली नाहीं. जो इतर कोणी नाहीं तो हिंदु, असा मार्ग घ्यावा लागला.

यानंतर १९६६ सालीं एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढें निकालास आला. गुजराथेंतील स्वामीनारायण पंथाच्या कांहीं सत्संगी मंडळींचें म्हणणें होतें कीं, आपला पंथ हिंदु धर्माहून निराळा आहे, म्हणून हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्या देवळांस लागू नाहीं. साताऱ्यास जन्मलेले सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनीं न्यायालयाचा निर्णय लिहिला. या धर्मास एक प्रेषित नाहीं, एक देव नाहीं, एक मत नाहीं, हें मान्य करून त्यांनीं लोकमान्य टिळकांची व्याख्या आधारास घेतली. वेदांविषयीं प्रामाण्यबुद्धि, साधनांची विविधता आणि उपास्य देवतेविषयीं नियमाचा अभाव, हीं त्या व्याख्येंतील तीन लक्षणें. दावा फेटाळला गेला. धर्माच्या व्याख्येचा हा वाद पंडितांच्या सभेंतला नव्हता. देवळाच्या दारांतून कोण आंत जाणार, याचा तो निकाल होता. पुढें २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्याच निर्णयानें पंढरपुरांतील बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क संपले.

तेव्हां चौकस मुलास उत्तर द्यावयाचें तें असें देतां येईल. हा धर्म कोणा एकानें स्थापिला नाहीं. इनामगांवच्या अनाम देवीपासून, वेदांच्या यज्ञापासून, उपनिषदांच्या प्रश्नांपासून, नाणेघाटच्या वासुदेवापासून, पुराणांच्या कथांपासून, धनगरांच्या खंडोबापासून आणि संतांच्या अभंगांपासून तो घडत आला. कर्म, पुनर्जन्म आणि मोक्ष यांवर बहुतेक हिंदूंचा विश्वास असतो. देव कोणता भजावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. नवें घेतांना जुनें टाकावयाचें नाहीं, या रीतीनें त्याचें वैभव वाढलें. आणि त्याच रीतीनें टाकावयाच्या गोष्टीही फार काळ राहिल्या. त्या टाकण्यासाठीं चोखोबापासून आंबेडकरांपर्यंत ज्यांनीं आग्रह धरिला, त्यांत कांहींजण आंत राहिले आणि कांहींजण निघून गेले. दोघांचीही हकीकत या धर्माच्या इतिहासाचा भाग आहे.

आणि मुलानें पुढें असेंही विचारिलें कीं, हें सर्व पहावयास कोठें जावें, तर ज्येष्ठाच्या वद्य पक्षांत त्यास दापोडीच्या रस्त्यावर न्यावें. पालखीपुढें चालणाऱ्या माणसाची जात तेथें कपाळावर लिहिलेली दिसत नाहीं. ती त्यास गांवीं परतल्यावरही कोणी विचारूं नये, एवढें काम त्या रस्त्याच्या पुढें अजून शिल्लक आहे.